फ्रेडी मर्क्युरी : पाचगणीचा विद्यार्थी, ब्रिटनचा रॉकस्टार, मग मूळ ओळखीबद्दल तो गप्प का राहिला?

डिजिटल डेस्क, छत्रपती संभाजीनगर : कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये दोनदा पाय आणि एक टाळी असा ठेका सुरू झाला की अख्खे सभागृह दणाणते. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात हे दरवर्षी व्हायचे. हा ठेका ‘क्वीन’ या ब्रिटिश बँडच्या ‘वी विल रॉक यू’ गाण्याचा. ते गाणारा फ्रेडी मर्क्युरी जवळपास आठ वर्षे आपल्या सातारा जिल्ह्यातील पाचगणीत शिकला, हे आम्हाला फार उशिरा कळले.

फारुखचा फ्रेडी कसा झाला?

खरे नाव फारुख बुलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार. कुटुंब पारशी, मूळ गुजरातमधील बुलसार म्हणजे आजच्या वलसाडचे. वडील बोमी ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. मुलाला चांगले शिक्षण मिळावे म्हणून त्यांनी त्याला वयाच्या आठव्या वर्षी जहाजाने भारतात पाठवले. पाचगणीच्या सेंट पीटर्स स्कूलच्या वसतिगृहात मित्र त्याला फ्रेडी म्हणू लागले आणि पुढे घरचेही. पुढे आलेल्या दातांवरून चिडवाचिडवी व्हायची. हॉस्टेलमध्ये राहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. तिथेच तो पियानो शिकला आणि १९५८ मध्ये शाळकरी मित्रांसोबत ‘द हेक्टिक्स’ हा बँड काढला.

१९६३ मध्ये तो झांझिबारला परतला. जानेवारी १९६४ मध्ये तिथे क्रांती झाली, रक्त सांडले आणि बुलसारा कुटुंबाने लंडनजवळचे फेल्टम गाठले.

तेव्हाचे ब्रिटन कसे होते?

१९६८ मध्ये खासदार इनॉक पॉवेल यांनी स्थलांतरितांविरुद्ध केलेले भाषण गाजले. त्याच वर्षी पूर्व आफ्रिकेतील ब्रिटिश पासपोर्टधारक आशियाईंच्या प्रवेशावर बंधने घालणारा कायदा आला. फ्रेडी तेव्हा ईलिंगच्या कला महाविद्यालयात ग्राफिक डिझाइन शिकत होता. पोटापाण्यासाठी त्याने हिथ्रो विमानतळावर सामान उचलले, केन्सिंग्टन मार्केटमध्ये जुने कपडे विकले. १९७० मध्ये क्वीन सुरू झाला. त्याच सुमारास बुलसारा आडनाव गेले, मर्क्युरी आले. बँडचे बोधचिन्हही त्यानेच काढले. झांझिबार आणि भारताविषयी तो जाहीरपणे क्वचितच बोलला. त्या काळातले वातावरण पाहता यात नवल वाटत नाही.

टीव्हीने काय केले?

‘बोहेमियन रॅप्सडी’ हे गाणे ऑक्टोबर १९७५ मध्ये आले. लांबी ५ मिनिटे ५५ सेकंद, म्हणजे रेडिओसाठी फारच मोठे. त्यातल्या ऑपेरासारख्या भागात तिघांनी आपलेच आवाज टेपवर पुन्हा पुन्हा चढवले. आज मोबाइलवरही होणाऱ्या या कामात तेव्हा टेप झिजत असे. बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’साठी काही तासांत एक चित्रफीत तयार केली गेली. गाणे सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. १३ जुलै १९८५ रोजी वेम्ब्ली स्टेडियमवर ‘लाइव्ह एड’ झाले. इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठीच्या या मैफलीला सुमारे ७२ हजार प्रेक्षक होते. क्वीनच्या वाट्याला सुमारे वीस मिनिटे आली. यूट्यूबवर नक्की पाहा.

शेवटची वर्षे

१९८७ मध्ये त्याला एड्सचे निदान झाले. त्याच वर्षी मार्गारेट थॅचर सरकार घरोघरी एड्सची पत्रके वाटत होते, टीव्हीवर धडकी भरवणाऱ्या जाहिराती दाखवत होते. १९८८ मध्ये समलैंगिकतेला ‘प्रोत्साहन’ देण्यास स्थानिक संस्थांना मनाई करणारे ‘कलम २८’ आले. फ्रेडीचे पुरुषांशी संबंध होते आणि टॅब्लॉइडचे छायाचित्रकार त्याच्या घराबाहेर ठाण मांडून असत. अशा वेळी त्याने आजार लपवला, याला भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. या काळात तो गात मात्र राहिला.

२३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने निवेदन काढून आजार जाहीर केला. दुसऱ्याच दिवशी, वयाच्या ४५ व्या वर्षी, तो गेला. महिनाभरात ‘बोहेमियन रॅप्सडी’ पुन्हा पहिल्या क्रमांकावर आले आणि त्याची कमाई एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संस्थेला देण्यात आली.

त्याचे अंत्यसंस्कार लंडनमध्ये पारशी धर्मगुरूंच्या प्रार्थनांनी झाले. रक्षा कुठे ठेवली, हे त्याची जिवलग मैत्रीण मेरी ऑस्टिन हिने आजवर सांगितलेले नाही.