काउंट इश्तवान सेचेनी व डॅन्यूबवरील साखळीपूल

पावसाळ्यात नदीला पूर यावा, तर बंद व्हावी, आणि पैलतीरावरचे गाव डोळ्यांसमोर असूनही परदेशाइतके दूर व्हावे, हा अनुभव ज्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांनी घेतला आहे, त्यांना पुलाचे मोल निराळे सांगावयास नको. परंतु पूल एकदा बांधून झाला म्हणजे तो जणू प्रथमपासूनच तेथे होता असे वाटू लागते, आणि त्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले त्यांची आठवण मागे पडते. हंगेरी देशाच्या बुडापेस्ट या राजधानीत डॅन्यूब नदीवर जो प्रसिद्ध साखळीपूल आहे, त्याच्या कर्त्या पुरुषाचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत. ते मनोरंजक आहे, तसेच विचार करावयास लावणारेही आहे.

इश्तवान सेचेनी याचा जन्म 21 सप्टेंबर 1791 रोजी व्हिएन्ना शहरी झाला. त्याचे घराणे हंगेरीतील अत्यंत श्रीमंत उमराव घराण्यांपैकी एक होते. पिता फेरेन्त्स हा विद्याप्रेमी होता. त्याने 1802 मध्ये आपला मोठा ग्रंथसंग्रह राष्ट्रास अर्पण केला व त्यातूनच पुढे हंगेरीचे राष्ट्रीय संग्रहालय उभे राहिले. मुलाला मात्र तारुण्यात ग्रंथांपेक्षा घोडा व तरवार यांचीच आवड अधिक होती. नेपोलियनविरुद्धच्या युद्धांत तो लढला. 1813 साली लाइप्झिगच्या रणांगणावर रात्रीच्या वेळी शत्रूच्या जवळून घोडा पिटाळीत महत्त्वाचा निरोप पोहोचविल्याबद्दल त्याचे नाव झाले. युद्ध संपल्यावर त्याने इंग्लंड, इटली, ग्रीस इत्यादी देशांत प्रवास केला. इंग्लंडातील यंत्रे, रस्ते व पूल पाहून आपला देश किती मागे राहिला आहे, याची खंत त्याच्या मनात घर करून बसली.

1820 च्या डिसेंबरात व्हिएन्नास त्याच्या पित्याचा अंत झाला. सेचेनी तेव्हा देशाच्या पूर्वभागी होता. वार्ता कळताच तो पश्चिमेकडे निघाला व पेस्ट शहरापर्यंत आला. पण तेथे त्याची वाट खुंटली. डॅन्यूबच्या पूर्वतीरावर सपाटीवरील पेस्ट व पश्चिमतीरावर डोंगरावरील बुडा, अशी ती दोन स्वतंत्र शहरे होती. त्यांना जोडणारा पूल काय तो होड्यांचा. हिवाळ्यात नदीतून बर्फाचे तट वाहू लागले म्हणजे तो काढून ठेवावा लागे. नदी पूर्ण गोठली तर लोक बर्फावरून चालत जात. परंतु बर्फ वाहता असला म्हणजे पायी जाणे अशक्य आणि होडी घालणे जिवावरचे. अशा स्थितीत पित्याच्या अंत्यविधीस निघालेला हा पुत्र सुमारे आठवडाभर नदीकाठी अडकून पडला. येथे कायमचा पूल झाला तर आपल्या जहागिरीचे एक वर्षाचे उत्पन्न त्यासाठी देऊ, असा मनोदय त्याने त्या वेळी आपल्या रोजनिशीत नमूद केला.

दुःखाच्या भरात असे संकल्प पुष्कळ जण करतात व दिवस पालटताच विसरतात. सेचेनी तसा नव्हता. 1825 साली देशाच्या विधिसभेत हंगेरियन भाषेच्या उत्कर्षाचा प्रश्न निघाला, तेव्हा त्याने खरोखरच एक वर्षाचे उत्पन्न विद्वत्सभेच्या स्थापनेसाठी देऊ केले, आणि त्या देणगीतून हंगेरियन विज्ञान अकादमी जन्मास आली. 1830 मध्ये त्याने पतपेढी व कर्ज यांविषयी एक ग्रंथ लिहिला. उमरावांची वडिलोपार्जित जमीन विकता येत नाही, म्हणून त्यांना कोणी विश्वासाने कर्ज देत नाही. कर्ज नाही म्हणून शेतीची सुधारणा नाही. आणि सर्व कराचे ओझे मात्र गरिबाच्या पाठीवर, असे त्याचे परखड प्रतिपादन होते. ज्या सवलतींना त्याचे भाईबंद भूषण मानीत, त्याच त्यांना व देशाला बुडवीत आहेत, हे त्याने निर्भयपणे सांगितले. स्वतःच्या वर्गाचा दोष सांगावयास किती धैर्य लागते, हे आमच्या वाचकांस निराळे सांगणे नको.

1832 साली त्याने पुलासाठी मंडळ स्थापन केले व त्याच वर्षी काउंट ग्यॉर्ग्य आंद्राशी यास बरोबर घेऊन तो इंग्लंडास गेला. तेथे त्याने नामांकित स्थापत्यकारांच्या भेटी घेतल्या व झुलते पूल बारकाईने पाहिले. मोठ्या नदीत अनेक खांब उभे केले तर वाहते बर्फ त्यांस अडून पाणी तुंबण्याची भीती असते. झुलत्या पुलास पात्रात दोनच मनोरे पुरतात. विल्यम टिअर्नी क्लार्क या इंग्रज स्थापत्यकाराने पुढे अशाच पुलाचा आराखडा तयार केला.

परंतु खरी अडचण पाण्याची नव्हती. ती माणसांच्या मनातली होती. पुलास लागणारा पैसा टोल घेऊन भरून काढावयाचा होता. जुन्या होड्यांच्या पुलावर शेतकरी टोल देई आणि उमराव फुकट जाई. नव्या पुलावर लहानथोर सर्वांनी सारखाच टोल द्यावा, असा सेचेनीचा आग्रह होता. रक्कम क्षुल्लक होती. पण त्या क्षुल्लक नाण्याने शतकानुशतकांच्या सवलतीस भोक पडणार होते, हे विरोधकांनी बरोबर ओळखले. आज पुलावर पैसा दिला तर उद्या जमिनीवर कर द्यावा लागेल, अशी हाकाटी झाली. या अपमानाच्या पुलावर आपण मरेपर्यंत पाय ठेवणार नाही, असे एका वृद्ध उमरावाने साश्रू नयनांनी जाहीर केल्याची कथा सांगतात. तथापि 1836 मध्ये कायदा संमत झाला व सरसकट टोलाचे तत्त्व मान्य झाले. पुलाचा एक दगडही बसला नव्हता. पण त्याचे निम्मे काम तेव्हाच झाले, असे आम्ही समजतो.

भांडवलाची जबाबदारी व्हिएन्नाचा सावकार गेऑर्ग सिना याने पत्करली. प्रत्यक्ष बांधकामावर ॲडम क्लार्क या तरुण स्कॉट स्थापत्यकाराची नेमणूक झाली. आराखडा करणारा क्लार्क व हा क्लार्क यांचे आडनाव तेवढे एक, नाते नाही. नदीच्या तळात लाकडी खांब एकमेकांस भिडवून ठोकीत, त्यांची सभोवार भिंत करीत, मधले पाणी उपशीत, आणि कोरड्या झालेल्या जागेत मनोऱ्याचा पाया घालीत. हिवाळ्यातील बर्फ या लाकडी बांधांस पुनःपुन्हा धडका देई. 24 ऑगस्ट 1842 रोजी राजघराण्यातील आर्चड्यूक कार्ल याच्या हस्ते कोनशिला बसली. पुढे दोन दगडी मनोरे उभे राहिले व त्यांच्यावरून लोखंडी पट्ट्यांच्या साखळ्या सोडण्यात आल्या. साखळ्यांची टोके दोन्ही तीरांवर जमिनीखालच्या दगडी कोठड्यांत घट्ट रोवलेली असतात आणि रस्ता साखळ्यांस टांगलेला असतो. दोन मनोऱ्यांमधील अंतर 202 मीटर आहे. त्या काळी जगातील मोजक्या अतिलांब पुलांत याची गणना होई.

ह्या वर्षांत सेचेनी केवळ पुलाच्याच मागे नव्हता. डॅन्यूबमध्ये आगबोटी चालाव्यात म्हणून त्याने खडकाळ पात्र सुधारण्याचे व काठाने रस्ता काढण्याचे काम अंगावर घेतले. 1846 मध्ये बालातोन सरोवरात पहिली आगबोट सोडली. आणि तिसा नदीच्या पुरास आवर घालण्याच्या कामासही हात घातला. राजकारणात त्याचा प्रतिस्पर्धी असलेल्या लायोश कोशूत यानेही 1840 साली त्याचा गौरव सर्वांत थोर हंगेरियन म्हणून केला.

1848 साली हंगेरीत स्वतःचे मंत्रिमंडळ आले व सेचेनीकडे बांधकाम व दळणवळण खाते सोपविण्यात आले. त्याच वर्षी 18 जुलै रोजी शेवटची साखळी वर चढविताना उचलणारे साधन तुटले. साखळी कोसळली, खालची पायाड मोडली व तेथे उभे असलेले लोक नदीत पडले. मंत्री सेचेनीही त्यांच्यात होता. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी तो पोहत तीरास लागला. डॅन्यूबच्या पाण्यातून तो वाचला. परंतु देशावर जो प्रलय येऊ घातला होता, त्याच्या चिंतेने त्याचे मन खचले. सावकाश, कायद्याच्या मार्गाने सुधारणा व्हावी, हे त्याचे ध्येय. आणि समोर दिसत होते ते व्हिएन्नाशी युद्ध. या सर्वास आपणच कारण झालो, या विचाराने त्याचे चित्त ठिकाणावर राहिना. सप्टेंबरच्या आरंभी त्यास व्हिएन्नाजवळील डोब्लिंग येथील मनोरुग्णालयात नेण्यात आले. मनाचे दुखणे हेही दुखणेच होय. थोर मनुष्यास ते झाले म्हणून त्याच्या थोरवीस उणेपणा येत नाही.

मागे पूल मात्र युद्धात सापडला. 1849 च्या मे महिन्यात बुडाचा किल्ला हंगेरियन सैन्याने वेढला असता, तो उडवून देण्याचा ऑस्ट्रियन बाजूने प्रयत्न झाला. ॲडम क्लार्कने साखळ्यांच्या कोठड्यांत आधीच पाणी भरून ठेवून त्या सुरक्षित केल्या होत्या. 21 मे रोजी रस्त्यावरील दारूस एका ऑस्ट्रियन कर्नलने बत्ती दिली, तेव्हा तो स्वतःच मरण पावला आणि पुलाची हानी थोडकीच झाली. पुढे माघार घेणाऱ्या हंगेरियन सेनापतीनेही पूल नष्ट करावयाचे मनात आणले. तेव्हा रस्त्याच्या फळ्या काढल्या तरी काम भागेल, असे पटवून क्लार्कने तो पुन्हा वाचविला. हंगेरीचा पाडाव झाल्यावर 20 नोव्हेंबर 1849 रोजी विजेता सेनापती हायनाउ याने पुलाचे उद्घाटन केले. पुलाचा कर्ता त्या दिवशी डोब्लिंगमध्येच होता.

काही वर्षांनी सेचेनीचे मन पुष्कळसे सावरले. तो पुन्हा लिहू लागला व 1859 मध्ये व्हिएन्नाच्या जुलमी कारभारावर टीका करणारे त्याचे पुस्तक निनावी रूपाने लंडनला प्रसिद्ध झाले. पुढल्या वर्षी मार्चमध्ये पोलिसांनी त्याच्या खोलीची झडती घेतली. पुन्हा काळोखाने घेरलेल्या त्या दुर्दैवी पुरुषाने 8 एप्रिल 1860 रोजी स्वतःच्या हाताने आपले जीवन संपविले. त्यास देशाच्या पश्चिम टोकास, त्याच्या जहागिरीतील गावी मूठमाती देण्यात आली. म्हणजे जिवंतपणी तो आपल्या पूर्ण झालेल्या पुलावरून कधी गेला नाही, आणि त्याची अंत्ययात्राही त्यावरून गेली नाही.

बुडा, पेस्ट व जुना बुडा ही शहरे एक व्हावीत, हे त्याचे स्वप्न 1873 मध्ये खरे झाले. 18 जानेवारी 1945 रोजी माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने पूल उडविला. हंगेरियन लोकांनी तो पुन्हा उभारला व पहिल्या उद्घाटनास बरोबर शंभर वर्षे झाली त्याच दिवशी, 20 नोव्हेंबर 1949 रोजी, खुला केला. 2021 ते 2023 या काळात त्याची पुन्हा मोठी दुरुस्ती झाली. आज पुलास सेचेनीचेच नाव आहे. पेस्टकडील टोकाच्या चौकास त्याचे, तर बुडाकडील चौकास ॲडम क्लार्कचे नाव दिलेले आहे. ज्याने पूल मनात बांधला तो एका तीरावर, आणि ज्याने तो दगडालोखंडात बांधून दोनदा वाचविला तो दुसऱ्या तीरावर, असे ते दोघे जणू समोरासमोर उभे आहेत.

मित्रहो, ज्याचे फळ स्वतःस मिळेल असे काम करणारे पुष्कळ सापडतात. आपण नदीकाठी अडकलो, तसे इतर कोणी अडकू नये, एवढ्यासाठी वर्षानुवर्षे झटणारे विरळा. आपल्यापैकी कोणी पुढे स्थापत्यकार होईल, कोणी शिक्षक, कोणी व्यापारी. कोणत्याही धंद्यात आपणांस दोन तीर जोडण्याची संधी मिळाली, तर प्रथम स्वतःच्या सवलतीचे नाणे टोलनाक्यावर ठेवावे, हाच या चरित्राचा बोध आम्हांस वाटतो.