होमी भाभांचा अर्ज: 1944 च्या पत्रापासून जळगावच्या खिरोद्यापर्यंत

संशोधनासाठी अनुदान मागताना एक प्रश्न हमखास येतो: समाजाला आणि शिक्षणाला याचा फायदा काय? बरेच जण हा भाग शेवटी घाईघाईत उरकतात. होमी भाभांनी मात्र त्याच प्रश्नाच्या उत्तरावर एक अख्खी संस्था उभी केली.

भाभांचा जन्म 30 ऑक्टोबर 1909 चा, मुंबईचा. मुलाने इंजिनिअर होऊन जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात काम करावं, अशी घरच्यांची इच्छा. 1927 मध्ये ते केंब्रिजला गेले, इंजिनिअरिंग पूर्ण केलं आणि मग भौतिकशास्त्राकडे वळले. कॉस्मिक किरणांवरच्या कामामुळे जगभर नाव झालं. 1939 मध्ये सुट्टीवर भारतात आले, तेवढ्यात महायुद्ध पेटलं. मग ते बंगळूरला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये रुजू झाले.

12 मार्च 1944 ला त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहिलं. मागणी होती मूलभूत भौतिकशास्त्राच्या संस्थेची. फायदाही स्पष्ट मांडला होता: काही दशकांनी अणुऊर्जेपासून वीज बनू लागेल, तेव्हा तज्ज्ञ परदेशातून आणावे लागू नयेत. हिरोशिमावर बॉम्ब पडायला अजून 17 महिने होते! 1945 मध्ये टीआयएफआर ही संस्था सुरू झाली. 1957 मध्ये तुर्भ्याला ट्रेनिंग स्कूल निघालं आणि तिथून दरवर्षी तरुण शास्त्रज्ञ, इंजिनिअर तयार होऊ लागले. म्हणजे पत्रातला फायदा कागदावरच राहिला नाही.

24 जानेवारी 1966 ला माँ ब्लाँ पर्वतावर विमान कोसळलं आणि भाभा गेले. वय फक्त 56.

पण गावातल्या शाळेचं काय? तज्ज्ञ घडले म्हणून सातवी-आठवीच्या वर्गात विज्ञान आपोआप पोचत नाही. त्यासाठी वेगळी योजना लागली. 1974 मध्ये टीआयएफआरने होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र काढलं. त्याच दशकात या केंद्राने मुंबईबाहेर एक मोठा प्रयोग केला, तो आपल्या खानदेशात. जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यातल्या खिरोद्याला. परिसरातल्या ग्रामीण हायस्कूलांमध्ये विज्ञान कसं चांगलं शिकवता येईल, यावर तिथल्या शिक्षकांना सोबत घेऊन काम झालं.

उद्या तुम्ही धुळ्यात किंवा जळगावात बसून असा अर्ज लिहाल, तेव्हा नुसतं समाजाचं भलं होईल असं लिहू नका. कोणाचं, कुठे आणि ते कोण करणार, हेही लिहा.