नामदेव आणि त्यांचे टीकाकार

वाशीमकडून हिंगोलीस जाणारा प्रवासी कनेरगाव नाक्यापाशी विदर्भाची हद्द मागे टाकून मराठवाड्यात प्रवेश करतो. याच जिल्ह्यात कयाधूच्या काठी नरसी बामणी आहे आणि याच जिल्ह्यात औंढा नागनाथही आहे. पहिले गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून मानले जाते. जन्मस्थानाविषयी अभ्यासकांत मतभेद असले, तरी ही परंपरा प्रबळ आहे. दुसऱ्या गावी त्यांना गुरू भेटले. दोन गावांतील अंतर फार नाही. परंतु ते ओलांडण्यासाठी नामदेवांना पंढरपूर, उत्तरेकडील तीर्थे आणि एक जाहीर अपमान एवढा वळसा घ्यावा लागला.

आपण मन लावून केलेले काम ज्यांच्यासाठी केले त्यांनीच नापसंत केले, तर काय करावे? पाट्या रंगविणाऱ्या चित्रकारापासून नाटककारापर्यंत, निबंध परत मिळालेल्या विद्यार्थ्यापासून साहेबाने मसुद्यावर रेघ मारलेल्या कारकुनापर्यंत हा प्रश्न कोणालाच चुकलेला नाही. सर्व टीका शिरोधार्य मानणारा माणूस स्वतःचे काही उरू देत नाही आणि सर्व टीका झिडकारणारा आहे तिथेच राहतो. नामदेवांचे चरित्र या दोहोंपलीकडची वाट दाखविते.

नामदेवांचा जन्म १२७० चा. वडील दामाशेटी, आई गोणाई. कुळाचा व्यवसाय शिंप्याचा. या व्यवसायात कापड एकाचे आणि कात्री दुसऱ्याची असते. कपडा बेतशीर झाला की नाही, हे अखेर ज्याच्या अंगावर तो चढतो तोच ठरवितो. नामदेवांचे मन मात्र कात्रीपेक्षा विठ्ठलात रमले. लहानपणी त्यांनी दाखविलेला नैवेद्य देवाने प्रत्यक्ष खाल्ला, अशी कथा आहे. देवाचा लाडका म्हणून त्यांचा बोलबाला झाला. कोवळ्या वयात मिळालेली अशी कीर्ती गुणवंताला पोसते तशीच आंधळेही करते.

या कीर्तीला पहिला धक्का बसला तो समानधर्मीयांकडून. ज्ञानेश्वरांसमवेत केलेल्या तीर्थयात्रेनंतर संतांचा मेळा जमला असता, मुक्ताबाईंच्या सूचनेवरून गोरोबा कुंभारांनी थापटणे हाती घेऊन प्रत्येकाच्या डोक्यावर थापटून मडकी पारखावी तशी पारख केली, अशी परंपरेतील कथा आहे. इतर निमूट बसले. नामदेवांना राग आला. आणि तेच मडके कच्चे ठरले. नामदेवांनी तो निर्णय तत्काळ मान्य केला नाही, हे परंपरेने लपविलेले नाही. ते दुखावले गेले आणि पंढरपुरी जाऊन त्यांनी विठ्ठलापाशी गाऱ्हाणे मांडले. पण ज्याच्या प्रेमाची त्यांना पुरेपूर खात्री होती, त्यानेही गोरोबांच्याच बाजूने कौल दिला आणि त्यांना औंढ्यास विसोबा खेचरांकडे धाडले.

येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. गोरोबा स्वतः मडकी घडविणारे होते. भाजलेल्या आणि कच्च्या मातीच्या आवाजातला फरक त्यांच्या हाताला ठाऊक होता. अशा पारख्याचे मत कितीही झोंबले तरी ते तपासून पाहावे लागते. दुसरे असे की, नामदेवांनी दुखावलेपण हेच उत्तर मानले नाही. त्यांनी दुसऱ्या विश्वासू ठिकाणी विचारले आणि तेथेही तेच ऐकू आल्यावर पाऊल उचलले.

औंढ्यास विसोबा शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून पडलेले दिसले. आता टीकाकाराची भूमिका नामदेवांकडे आली. त्यांनी या वर्तनाचा निषेध केला. जेथे देव नसेल तेथे आपले पाय उचलून ठेवावेत, असे विसोबांनी सुचविले, आणि पाय जेथे ठेवावेत तेथे पिंड दिसू लागली. देव एका मूर्तीत किंवा एका राउळात मावत नाही, हा बोध नामदेवांना या भेटीत झाला. विसोबाही एकेकाळी ज्ञानेश्वरादी भावंडांचे कडवे विरोधक होते आणि पुढे त्यांचेच अनुयायी झाले, असे परंपरा सांगते. आपले मत चुकले हे ज्याने स्वतः अनुभवले, त्याच्याच हाती नामदेवांची घडण सोपविली गेली, हे अर्थपूर्ण आहे.

दुसरी टीका घरातली होती. मुलाने घरधंदा टाकून टाळ धरला, ही गोणाईंची व्यथा. संसाराचे हाल होतात, ही पत्नी राजाईंची. या तक्रारीला उत्तर नव्हते, कारण ती खरी होती. नामदेवांनी कीर्तन सोडले नाही; पण ती तक्रार दडपलीही गेली नाही. गोणाई आणि राजाई यांच्या नावांचे अभंग आज नामदेवांच्या गाथेतच वाचावयास मिळतात. एका थोर कवीच्या गाथेत त्याच्याविरुद्धचे गाऱ्हाणे सन्मानाने नांदावे, ही सामान्य गोष्ट नव्हे. काही मतभेद मिटत नाहीत. त्यांना जागा द्यावी लागते.

तिसरा विरोध निराळ्या जातीचा होता. कीर्तनात कोणते न्यून आहे हे न सांगता, केवळ जात हीन म्हणून नामदेवांना देवळाबाहेर काढण्यात आले. तेव्हा ते देवळाच्या पाठीमागे जाऊन गात बसले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही कथा औंढ्यास आजही सांगितली जाते. कथेतील चमत्कार बाजूस ठेवला तरी आशय उरतोच. ज्या आक्षेपाचा कामाशी संबंध नाही, त्याला नामदेवांनी कामात शिरू दिले नाही. त्यांनी अभंग बदलला नाही, गाणे थांबविले नाही. फक्त बसण्याची जागा बदलली.

१२९६ मध्ये ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली. ज्यांच्या मेळ्यात आपण कच्चे ठरलो, त्याच मेळ्याच्या अग्रणीचे चरित्र नामदेवांनी आदी, तीर्थावळी आणि समाधी या प्रकरणांत अभंगबद्ध केले. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ ते जगले. पंजाबात घुमान येथे राहिले, परक्या श्रोत्यांसाठी त्यांच्या कानांना रुचेल अशा भाषेत गायले. १६०४ मध्ये सिद्ध झालेल्या शिखांच्या आदिग्रंथात त्यांची ६१ पदे समाविष्ट झाली. २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, ते याच ऋणानुबंधामुळे. १३५० मध्ये त्यांनी पंढरपुरी देह ठेवला. तेथील महाद्वाराची नामदेव पायरी सर्वांना परिचित आहे.

गोरोबांचे थापटणे, राजाईंचे गाऱ्हाणे आणि पुजाऱ्यांचा धक्का या तिन्ही गोष्टी नामदेवांना सारख्याच लागल्या असतील. पण त्यांनी तिन्हींना एकच उत्तर दिले नाही. जाणत्याचे ऐकून ते बदलले, घरच्यांचे ऐकून घेतले आणि जातीच्या उद्दामपणापुढे वाकले नाहीत. आज शाळेत, कचेरीत आणि नाट्यगृहात मतभेदाचा प्रसंग आला की प्रथम मान दुखावतो आणि मग आक्षेप काय होता हेच विसरले जाते. आक्षेप घेणारा जाणकार आहे काय, तो आपल्या कामाविषयी बोलत आहे काय, एवढे दोन प्रश्न रागाच्या आधी विचारले, तरी पुष्कळ काम वाया जाण्याचे टळेल.