एकाकी दर्यावर्दी : कॅप्टन जॉशुआ स्लोकम

घरांत एक रात्र एकट्यानें काढावयाची म्हटली तरी आमच्यापैकीं पुष्कळांचा धीर सुटतो. मग लहानशा गलबतांतून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या पुरुषाची हकीकत आमच्या विद्यार्थ्यांनीं अवश्य ऐकावी.

जॉशुआ स्लोकम यांचा जन्म कॅनडांतील नोव्हा स्कोशिया प्रांतीं १८४४ सालीं झाला. वडील बूट शिवीत. जॉशुआसही लहानपणींच शाळा सोडून तें काम करावें लागलें. सोळाव्या वर्षीं मातृवियोग झाला आणि त्यांनीं समुद्राची वाट धरली. खलाशाचे ते कप्तान झाले. परंतु १८८४ सालीं पत्नी निवर्तली, १८८७ सालीं स्वतःचें जहाज ब्राझीलच्या किनाऱ्यावर फुटलें, आणि आगबोटींपुढें शिडांच्या जहाजांचा धंदाही बसला.

अशा हलाखींत एका स्नेह्यानें त्यांस शेतांत कुजत पडलेलें ‘स्प्रे’ नांवाचें गलबत दिलें. तेरा महिने खपून त्यांनीं तें स्वहस्तें नवें केलें. लांबी अवघी ३७ फूट! २४ एप्रिल १८९५ रोजीं त्यांनीं बॉस्टन बंदर सोडलें.

आरंभीं अटलांटिकवर एकांत असह्य होई. मग ते काल्पनिक खलाशास मोठ्यानें हुकूम देत. पण तो आवाज त्यांच्याच कानांस पोकळ वाटे, म्हणून पुढें ते गाऊं लागले.

१८९६ च्या मे महिन्यांत चिलीच्या पश्चिमेकडील हुआन फर्नांडिस बेटावरून ते निघाले, ते ७२ दिवसांनीं सामोआस पोहोंचले. सुकाणू बांधून शिडें जुळविलीं कीं गलबत आपली दिशा आपणच धरी. त्यामुळें ते खालीं जाऊन स्वयंपाक करीत, वाचीत व निजत. खारे मासे, बटाटे, बिस्किटें आणि रात्रीं फळ्यांवर येऊन पडलेले उडते मासे हा त्यांचा आहार. कालमापक यंत्राच्या दुरुस्तीस १५ डॉलर पडणार, म्हणून त्यांनीं तें मागेंच ठेवून १ डॉलराचें पत्र्याचें घड्याळ घेतलें होतें. चंद्राचे वेध घेऊन ते आपलें स्थान पडताळून पाहत.

सुमारें ४६,००० मैलांचा प्रवास करून २७ जून १८९८ रोजीं ते अमेरिकेंतील न्यूपोर्टास परतले. एकट्यानें पृथ्वीस वळसा घालणारे ते पहिलेच पुरुष. पुढें कांहीं वर्षांनीं त्याच गलबतांतून ते पुन्हां एकटेच निघाले, आणि मग कोणास दिसले नाहींत.

त्यांच्या चरित्रांत आम्हांस त्या तेरा महिन्यांचें मोल सर्वांत अधिक वाटतें. प्रत्येक फळी आपल्या हातानें बसविली होती, म्हणूनच अथांग सागरावर त्यांस निश्चिंत झोंप येत असे.