फादर एथलबर्ट ब्लाटर : वाळलेल्या फांद्यांतून काळ जपणारा धर्मगुरू

शिरूर अनंतपाळच्या शिवारात आज पळस, बाभूळ, हिवर आपल्याला दिसतात. पण शंभर वर्षांपूर्वी याच बांधांवर कोणती गवते नि झुडपे होती, असे कुणी विचारले तर आपण वडीलधाऱ्यांच्या आठवणीवर विसंबतो. आठवण माणसाबरोबर निघून जाते. झाडाझुडपांची आठवण मागे राहावी म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले, त्या फादर ब्लाटर यांची आज आपण ओळख करून घेऊ या.

१५ डिसेंबर १८७७ रोजी स्वित्झर्लंडमधील रेबस्टाईन गावी त्यांचा जन्म झाला. १८९६ साली ते येशूसंघात दाखल झाले आणि १९०३ साली मुंबईस आले. सेंट झेवियर्स महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत असताना १९०६ साली त्यांनी तेथे वनस्पतिसंग्रह सुरू केला. काम दिसायला साधे. फुलाफळासह फांदी तोडायची, कागदांत दाबून वाळवायची, जाड कागदावर बसवायची आणि कोपऱ्यात चिठ्ठी लावायची : झाडाचे नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव. खरी किंमत आहे ती या चिठ्ठीला.

पहिले महायुद्ध पेटले तेव्हा मुंबईतील जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंना सरकारने स्थानबद्ध केले व पुढे मायदेशी धाडले. फादर ब्लाटर स्विस असल्याने राहू शकले. पण सहकारी गेले आणि कामाचा भार वाढला. १९१९ ते १९२४ ते महाविद्यालयाचे प्राचार्य होते. तरीही सिंध, राजस्थानचे वाळवंट, काश्मीर येथील वनस्पतींचा अभ्यास त्यांनी सोडला नाही. १९३२ साली योहानेस ब्रूल स्मृतिपदकाचे ते पहिले मानकरी ठरले. २६ मे १९३४ रोजी ते देवाघरी गेले. चार्ल्स मॅकॅन यांच्यासोबत लिहिलेला मुंबई इलाख्यातील गवतांवरील ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९३५ साली बाहेर पडला.

त्यांचे काम मात्र थांबले नाही. स्पेनहून आलेले येशूसंघीय फादर सांतापाव यांनी हा संग्रह वाढवला. खंडाळ्याच्या वनस्पतींवर त्यांनी ग्रंथ लिहिला. १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज ब्लाटर यांचेच नाव धारण करणाऱ्या या संग्रहात एक लाखाहून अधिक नमुने आहेत.

या वाळक्या फांद्यांचा आज काय उपयोग? अभ्यासक जुनी चिठ्ठी पाहून त्याच डोंगरावर जातात. ती वनस्पती अजून आहे का, फुलण्याचा महिना बदलला का, बाहेरून आलेले तण कधीपासून पसरले, हे ताडून पाहता येते. अर्थात, नमुना नाही म्हणून झाड नव्हतेच, असे म्हणता येत नाही. जिथे रेल्वे, रस्ता पोहोचला तिथेच बहुधा गोळा करणारे पोहोचले.

आपल्या भागाला हे लागू पडते. थिओडोर कुक यांचा १९०१ ते १९०८ या काळातला प्रसिद्ध ग्रंथ मुंबई इलाख्यापुरता होता. आपण तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. १९७९ साली व्ही. एन. नाईक यांचा उस्मानाबाद जिल्ह्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ आला. लातूर जिल्हा त्यातून १९८२ साली वेगळा झाला, म्हणून तो ग्रंथ आपल्याही मातीचा. पण त्याआधी काय गमावले, हे सांगणारी चिठ्ठी कुठून आणायची?

बंधू-भगिनींनो, सृष्टी आपल्याला सांभाळण्यासाठी मिळाली आहे. आणि ज्याची मोजदाद नाही ते गेले तरी कळत नाही. या पावसाळ्यात मुलांना घेऊन बांधावर जाऊ या. आजीला ठाऊक असलेली रानभाजी, तिचे नाव, जागा आणि तारीख एका वहीत लिहून ठेवू या. फादर ब्लाटर यांनीही सुरुवात एका फांदीपासूनच केली होती.