विष्णू सीताराम सुकथनकर

विष्णू सीताराम सुकथनकर (४ मे १८८७ – २१ जानेवारी १९४३) हे संस्कृतज्ञ व पाठचिकित्सक होते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे ते प्रधान संपादक होते. शिखंडी, बृहन्नडा व इला यांच्या कथांतील जुना पाठ कोणता आणि नंतरची भर कोणती, याचा निर्णय करण्यास या आवृत्तीचा आधार घेतला जातो. त्यामुळे तृतीयपंथीयांच्या प्राचीन इतिहासाच्या अभ्यासातही तिला महत्त्व आहे.

जीवन

सुकथनकरांचा जन्म मुंबईत झाला. केंब्रिज येथे गणिताचे शिक्षण घेतल्यानंतर ते बर्लिनला गेले. तेथे हाइन्रिख ल्यूडर्स यांच्या मार्गदर्शनाखाली शाकटायनाच्या व्याकरणावर प्रबंध लिहून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. भारतात परतल्यावर त्यांनी काही काळ पुरातत्त्व खात्यात काम केले. कोरीव लेख आणि भासाची नाटके यांवरही त्यांनी लेखन केले.

चिकित्सित आवृत्ती

भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये महाभारताचे काम आरंभिले. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यास अर्थसाहाय्य दिले. ना. बा. उत्गीकर यांनी १९२३ मध्ये विराटपर्वाची नमुना आवृत्ती काढली. १९२५ मध्ये प्रधान संपादकपद सुकथनकरांकडे आले.

काश्मीरच्या शारदा लिपीपासून केरळच्या मलयाळम लिपीपर्यंतच्या पोथ्या श्लोकश: ताडून पाहण्याची शिस्तबद्ध पद्धत त्यांनी घालून दिली. परस्परांपासून दूर असलेल्या परंपरा जेथे जुळतात, तो पाठ जुना मानण्यात आला. एखाद्याच परंपरेत आढळणारा मजकूर टाकून न देता तळटिपांत किंवा परिशिष्टांत नोंदवला गेला. आदिपर्व (१९३३) आणि आरण्यकपर्व (१९४२) यांचे संपादन त्यांनी स्वतः केले.

लिंगपरिवर्तनाच्या कथा

लिंगभाव हा सुकथनकरांच्या संशोधनाचा विषय नव्हता; तथापि त्यांच्या पद्धतीचे परिणाम या कथांवरही झाले. आदिपर्वातील इला ही पुरूरव्याची माता आणि पिताही असल्याचा उल्लेख संहितेत कायम राहिला.

उर्वशीने अर्जुनाला नपुंसकत्वाचा शाप दिल्याची लोकप्रिय कथा मात्र आरण्यकपर्वाच्या परिशिष्टात गेली. रघुवीर यांनी संपादित केलेल्या विराटपर्वात (१९३६) अर्जुन बृहन्नडेचे रूप स्वतःच निवडतो, आणि पुढे उत्तराला ते ज्येष्ठ बंधूच्या आज्ञेने स्वीकारलेले वर्षभराचे व्रत असल्याचे सांगतो. म्हणजेच या रूपाला शिक्षेचे स्वरूप देणारी कथा उत्तरकालीन ठरते.

सुशीलकुमार डे यांच्या उद्योगपर्वात शिखंडीची कथा सविस्तर राहिली आहे. कन्या म्हणून जन्मलेल्या आणि पुत्र म्हणून वाढवलेल्या शिखंडीचा विवाह दशार्णराजाच्या कन्येशी होतो. सत्य उघड झाल्यावर स्थूणाकर्ण यक्ष आपले पुरुषत्व शिखंडीस देतो. पुढे शिखंडी द्रोणांकडे धनुर्विद्या शिकतो आणि भीष्म त्याची गणना श्रेष्ठ रथींत करतात. मराठीत शिवीसारख्या वापरल्या जाणाऱ्या 'शिखंडी' या शब्दाला त्या कथेत आधार सापडत नाही.

तृतीयपंथीयांना कायदेशीर मान्यता देणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४ च्या निकालात महाभारतातील अरावानाच्या बलिदानाचा उल्लेख आहे. चिकित्सित आवृत्तीत अर्जुनपुत्र इरावान रणात मारला जातो. त्याचे बलिदान आणि मोहिनीशी विवाह या कथा तमिळ परंपरेतील असून तमिळनाडूतील कूवागम येथील उत्सवाचा त्या आधार आहेत. पाठ उत्तरकालीन ठरला म्हणून ती श्रद्धा खोटी ठरत नाही. तिचा देश व काळ तेवढा निराळा ठरतो. त्याचप्रमाणे प्राचीन ग्रंथांतील 'तृतीया प्रकृती' आणि आजची तृतीयपंथी ओळख या संज्ञा सर्वस्वी समानार्थी नाहीत.

मृत्यू व वारसा

मुंबई विद्यापीठासाठी महाभारताच्या अर्थावर सुकथनकरांनी चार व्याख्याने योजली होती. चौथे व्याख्यान देण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले. ती व्याख्याने १९५७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांच्यानंतर श्री. कृ. बेलवलकर यांनी प्रधान संपादकपद सांभाळले. १९६६ मध्ये आवृत्ती पूर्ण झाली.