युद्धानंतरचा देश आणि पुण्यातले बाबासाहेब

पुणे आणि बाबासाहेब म्हटले की आपल्याला १९३२ चे येरवडा आणि पुणे करार आठवतो. आम्ही वस्त्यांमध्ये तरुणांचे अभ्यासवर्ग घेतो, तिथेही गाडी तिथेच थांबते. पण महायुद्ध आणि फाळणी सोसलेला देश एकसंध कसा राहील, याचा विचार बाबासाहेबांनी याच शहरात मांडला होता, हे आपण विसरतो.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. लढाई संपल्यावर घरी परतणाऱ्या सैनिकाचे काय होते, हे सुभेदार रामजींच्या मुलाला ठाऊक होते. पहिल्या महायुद्धात उभारलेली महार पलटण काही वर्षांतच मोडली गेली होती. म्हणून युद्ध सुरू असतानाच त्यांनी पुढच्या दिवसांची तयारी केली. त्यांच्या खात्याने परतणाऱ्या सैनिकांसाठी सेवायोजन कार्यालये उभी केली. पूरनियंत्रण, सिंचन आणि वीज यांसाठी दामोदर खोऱ्याची योजना आखली. हाताला काम नसेल तर शांतता टिकत नाही, ही त्यामागची जाण होती.

१८ जानेवारी १९४३ ला न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त बाबासाहेब पुण्यात बोलले. राजकीय सुधारणेआधी सामाजिक सुधारणा का हवी, हे त्यांनी सांगितले आणि व्यक्तिपूजेवर कडक टीका केली.

पुढे स्वातंत्र्य आले, पण फाळणीचा रक्तपात घेऊन. मसुदा समितीचे अध्यक्ष या नात्याने त्यांनी देश सांधणारे मजबूत केंद्र आणि माणसाला जपणारे मूलभूत हक्क यांची सांगड घातली. तरीही २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत त्यांनी बजावले की हजारो जातींत वाटलेला समाज आपोआप राष्ट्र होत नाही. मतात समता आणि जगण्यात विषमता राहिली, तर लोकशाहीचा डोलारा कोसळेल.

१९५१ मध्ये हिंदू कोड बिल रखडल्यावर त्यांनी मंत्रिपद सोडले. १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत ते पराभूत झाले. त्याच वर्षी २२ डिसेंबरला ते पुण्यातील वकिलांसमोर उभे राहिले, तेव्हा त्यांच्या बोलण्यात पराभवाची कुरकुर नव्हती. रक्त न सांडता समाजात क्रांतिकारक बदल घडवणारी व्यवस्था म्हणजे लोकशाही, अशी त्यांची मांडणी होती. ती टिकण्यासाठी त्यांनी अटी सांगितल्या: टोकाची विषमता नको, विरोधी पक्ष हवा, कायदा आणि प्रशासन सर्वांना सारखे हवे, संवैधानिक नीती हवी, बहुसंख्याकांनी अल्पसंख्याकांवर जुलूम करू नये. शेवटची अट सार्वजनिक विवेकाची. अन्याय कोणावरही होवो, स्वतः झळ न लागलेल्यानेही उठून बोलले पाहिजे.

हा विवेक कायद्याने येत नाही, तो माणसात रुजवावा लागतो. दोनच वर्षांनी, २५ डिसेंबर १९५४ ला, त्यांनी पुण्याजवळ देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा घेतली. आम्ही हा एकच प्रवास मानतो.

जयंतीचे फ्लेक्स आणि डीजे यांवर आपण वर्गणी खर्च करतो. व्यक्तिपूजेबद्दलचा इशारा आपल्यालाही लागू आहे. येत्या २२ डिसेंबरला आपापल्या विहारात ते पुण्याचे भाषण सर्वांनी मिळून वाचू या. मग स्वतःला विचारू: शेजारच्या वस्तीतल्या, दुसऱ्या जातीच्या किंवा धर्माच्या माणसावर अन्याय झाला, तेव्हा आपण किती वेळा उठलो?

जय भीम! नमो बुद्धाय!